दुधाचं पथ्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला तर मुळीच नाही. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — म्हणूनच कदाचित सांगता येतंय.

निजामाचं राज्य होतं. पिंगळीजवळच्या आमच्या घरी दोन म्हशी दुभत्या होत्या. हे आधी सांगतो, दूधच नव्हतं असं कुणाला वाटू नये.

माझ्या बायकोच्या, गिरजाच्या, गालात कॅन्सर निघाला. मुंबईला नेऊन रेडियमचे शेक दिले. तोंड आतून सोलून निघालं. परतताना डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं — तिखट, आंबट, खारट बंद. गार दूध, पातळ खीर, तूप घातलेली मऊ पेज, थोडं थोडं, पण सारखं. आणि दुधात अंडं फेटून. अंगात ताकद राहिली तरच निभेल, म्हणाले.

अंडं. आमचं घर माळकरी. मायसमोर तो शब्द कसा काढायचा?

घरी पोचताच मायनं विचारलं, "डाक्तरनं पथ्य काय सांगितलं? दूध तर नगंच, दुधानं जखमंत पू धरतो." तिच्या मनात वाईट नव्हतं, तिला तसंच ठाऊक होतं. गिरजा माझ्याकडं बघत होती. तिला बोलता येत नव्हतं. मला येत होतं ना?

"तसं काई न्हाई," मी म्हणालो. "तू म्हणशील तसं."

एका शब्दाच्या भीतीनं मी सगळंच गिळलं — खीर, पेज, दूध. अंडं सोडून बाकीचं तरी सांगता आलं असतं. पण बायकोसाठी वेगळं शिजवा म्हणणाऱ्याला आमच्याकडं हसायचे. त्यालाही भ्यालो.

मग ती सगळ्यांसारखीच वरणात कुस्करलेली भाकरी खायची. वरणाला मिरचीची फोडणी. घास तोंडात धरून डोळे मिटायची. एकदा ताट सरकवलं, तर वहिनी म्हणाल्या, "मुंबईचं पाणी चढलंय, भाकर गोड लागंना." सगळे हसले. मीही — हो, मीही हसलो.

ती वाळत गेली. लोक म्हणाले, रोगानं गेली. मी मान हलवली.

दहाव्याला पिंडाजवळ दूधभात ठेवला. मायनंच दिला होता, भरपूर दूध घालून. कावळा शिवेना. चुलते म्हणाले, "काय इच्छा ऱ्हायली रं तिची? बोल की." सगळे माझ्याकडं बघत होते, त्या दिवशी ती बघत होती तसेच.

मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.