अठ्ठावीसची लेन्स आणि सुमनचं नाक

"मुलीचं नाक जरा जास्तच आहे," असं लिहून एका स्थळाने पत्रिका आणि फोटो परत पाठवला, तेव्हा मी लेन्स बदलून आणायचं ठरवलं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. धाकट्या बहिणीचा, सुमनचा, तो फोटो मीच काढला होता. मामांनी दिलेला कॅमेरा, त्यावर २८ ची लेन्स, आणि हौस तर विचारू नका!

जयसिंगपूरहून कोल्हापूरला एसटी होतीच, पण आम्ही सकाळची पॅसेंजर धरली. तिकीट किरकोळ आणि खिडकी हमखास. हातकणंगले, रुकडी, मग पंचगंगेचा पूल, दोन्हीकडे ऊस. सुमन सगळा वेळ पदर नाकावर धरून बसली होती. "धूळ येतेय," म्हणाली. स्टेशनबाहेर मिसळ खाल्ली. तुम्ही गेलात तर कट आधी निम्माच मागा, आमचं पाण्यावर भागलं नाही.

महाद्वार रोडजवळच्या बोळात एका आण्णांचा स्टुडिओ होता. कपाटात लेन्सा मांडलेल्या: २८, ५०, ८५, १३५. मी तावातच विचारलं, "हेच आकडे का? चपलांची मापं आहेत का ही?"

"पावणं, बसा की आधी," आण्णा म्हणाले. "फिल्मची चौकट तिरकी मोजली तर त्रेचाळीस मिलिमीटर भरतीया. लेन्सचा आकडाबी मिलिमीटरच; तो त्याच्या आसपास असला की फोटो डोळ्याला साधा वाटतोय, म्हणून पन्नास. कमी आकडा, जास्त मावतंय. मोठा आकडा, लांबचं जवळ येतंय. आन् पन्नासनंतर पंचावन्न घिऊन काय फरक कळणार? म्हणून मोठ्या उड्या."

मी परत आलेला फोटो पुढे केला. त्यांनी कपाळाला हात लावला. "किती लांबून काढलाय?"

"वीतभर. चेहरा चौकटीत भरावा म्हणून."

"मग नाक लेन्सला टेकलं, कान ऱ्हायलं मागं! लेन्सचा दोष न्हाय, तुमच्या पायांचा हाय. ८५ लावून सा फूट मागं सरकायचं."

त्यांनी सुमनच्या हाती कॅमेरा दिला आणि मला समोर उभं केलं. एकदा २८ लावून वीतभरावरून, एकदा ८५ लावून लांबून. तिने डोळ्यावरून कॅमेरा खाली घेतला, तेव्हा ती पांढरी पडली होती.

"जवळून तुझंही नाक तसंच दिसतंय. म्हणजे माझं नाक तसं नाहीच?"

मला धक्काच बसला. दोन महिने ही पोरगी रोज आरशात बघत होती आणि विश्वास माझ्या फोटोवर ठेवत होती. पदर धुळीसाठी नव्हताच.

आण्णांनी त्याच दिवशी ८५ लावून काढलेला सुमनचा फोटो आठवड्याने टपालाने घरी आला. सुरेखच होता. मी पाकिटावर नव्या स्थळाचा पत्ता लिहायला घेतला, तर सुमनने फोटो उचलून ट्रंकेत ठेवला.

"ज्यांना बघायचंय त्यांनी घरी यावं," ती म्हणाली.

"अगं, पण हा चांगला आलाय!"

"दादा, तोही चांगला आलाय असंच म्हणाला होतास तू."

फोटोग्राफीतलं पुढे पुष्कळ शिकलो. त्या दिवशी मात्र आधी पाकिटावरचा अर्धवट पत्ता खोडला.