दारापुढच्या तीन पायऱ्या

मी लग्न होऊन सेलूला आले तेव्हा आमच्या दारापुढे तीन पायऱ्या होत्या. खाली सगळी काळी माती, ती रस्ता धरते कुठे? रस्ता उखडला की जुन्यावरच डांबराचा नवा थर पडायचा. असं करत करत रस्ता वर आला आणि आमच्या पायऱ्या त्यात गेल्या.

सासूबाई खूश होत्या. त्यांचे गुडघे पार गेलेले. रस्ता उंबऱ्याशी आला तशा त्या रोज सकाळी वाटी घेऊन समोरच्या मैत्रिणीकडे विरजण आणायला जायच्या आणि तासभर बसून यायच्या. विरजण घरातही असायचं, पण मी कशाला बोलते.

मग एका श्रावणात रस्त्याचं पाणी सरळ स्वयंपाकघरात शिरलं. वर्षाची तूर भिजली. माझं डोकंच फिरलं. पुढे सिमेंटचा रस्ता मंजूर झाला, तेव्हा मोजमापाला आलेल्या ओव्हरसियरला मी दारातच गाठलं आणि रस्ता खाली घ्या म्हटलं. तो म्हणाला, "ताई, नियम तसाच आहे. जुना थर खोदायचा, काळी माती काढायची, मुरूम दाबायचा, मग काँक्रीट. पण तुमची गल्लीच खोदू देऊन नाई राह्यली. नळ तुटतीन म्हणते."

म्हणजे नियम कागदावर आणि पाणी माझ्या चुलीपाशी! मी घरोघरी फिरले, दोघींशी भांडले, पण सगळ्यांना कबूल करवलं.

जेवताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "खोदू नको म्हण ना त्याले. मंग मी उतरू कशी?"

"तुमच्या गुडघ्यांपायी साऱ्या गल्लीची घरं बुडवू का?" मी फाडकन बोलले.

रस्ता झाला मात्र झकास. मधे उंच, कडेला उतार, बाजूला नाली. त्या पावसाळ्यात घरात थेंब आला नाही, आणि हे मी भेटेल त्याला सांगत सुटले.

तिन्ही पायऱ्या पुन्हा उघड्या पडल्या होत्या. सासूबाई वाटी घेऊन दारापर्यंत आल्या, खाली पाहिलं आणि वाटी माझ्या हातात दिली. "जाय, तूच घेऊन ये." त्यानंतर दोघी म्हाताऱ्या आपापल्या ओट्यावर बसून रस्त्यापलीकडे ओरडून बोलायच्या. मधून ट्रॅक्टर गेला की बोलणं तुटायचं. सासूबाईंची शेवटची चार वर्षं अशीच गेली.

आता माझे गुडघे दुखतात. परवा गवंडी बोलावला, दर दोन पायऱ्यांच्या मधे एक बुटकी पायरी घालून घेतली आणि भिंतीला धरायला नळी बसवली. नियमात पायऱ्यांचं काही नव्हतं, खरं आहे. पण मला तरी कुठे सुचलं? लाज वाटते. गवंडी सकाळी लागला आणि जेवणाआधी मोकळा झाला. रस्ता झाला तेव्हा तर गवंडी, वाळू, सिमेंट, सगळं महिनाभर आमच्या दारातच होतं.