मेसईदचा जपानी पूल

आमचा साहेब आठ दिवस जपानला जाऊन आला आणि तिथल्या एका डोंगराळ गावचं रेल्वे स्टेशन त्याच्या डोक्यात बसलं. लाकडी इमारत, समोरासमोर दोन फलाट, रुळांवरून जाणारा पूल. आम्ही तेव्हा कतारमधल्या मेसईदच्या एका कामगार वसाहतीचा बसथांबा आखत होतो. "असंच हवं," तो म्हणाला. साहेब पुण्याचा. केबिनमध्ये माझ्याशी मराठी बोलायचा, क्लायंटसमोर ओळखही द्यायचा नाही.

माहितीफलक लिहायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून मी त्या स्टेशनचा इतिहास वाचून काढला. लाकूड वाहून न्यायला तिथे एकेरी मार्ग टाकला होता. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला दुसरी थांबवावी लागे, म्हणून दुसरा फलाट, आणि त्यावर पोचायला पूल. पुढे लाकडाचा धंदा बसला. आता तिथे तिकीट द्यायलाही माणूस नाही.

"सर, आपली बस तर एकाच बाजूला लागते," मी म्हटलं. "पूल उतरून जायचं कुठे?"

"तुला एस्थेटिक्स कळत नाही. यल्ला, चल, ड्रॉइंग संपव."

मी संपवलं. करार वर्षाचा होता, आणि मला तो वाढवून हवा होता.

उद्घाटनाला सगळ्यांनी पुलावर फोटो काढले. पुढच्या आठवड्यात मी पाहणीला गेलो, तर कोल्हापूरकडचा एक बसड्रायव्हर पुलाकडे मान वर करून बघत उभा होता.

"साहेब, पलीकडं काय हाय?"

"काही नाही."

"मग चढायचं कशाला?"

"जपानमध्ये असा असतो."

"तितं खाली रूळ असतील की," तो म्हणाला आणि पाणी प्यायला निघून गेला. आमच्या अख्ख्या ऑफिसने सहा महिन्यांत जे कानाआड केलं, ते त्याला उभ्या उभ्या कळलं.

जूनमध्ये पुलाच्या उन्हाने तापलेल्या लोखंडी कठड्याने एका वेल्डरचा तळहात भाजला. पुलाला साखळी लागली. कामगार उन्हातच बसची वाट बघत होते. शेवटी क्लायंटने विचारलं, सावलीचं काय? साहेबाने मला छप्पर आखायला लावलं. साधं, पत्र्याचं. ते उभं राहिलं, माणसं त्याखाली बसू लागली, आणि साहेबाने मीटिंगमध्ये स्लाइड दाखवत त्याला 'जपानी साधेपणा' म्हटलं.

ती स्लाइड मीच बनवून दिली होती.