पेटंट मिळालं ते डब्याला

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, पंप ऐकू येतात. आपल्याला नुसती घरघर. त्यांचा मात्र घास हातातच थांबतो आणि ते म्हणतात, शेजारच्या इमारतीचा पंप जळणार. लग्न केलेलं नाही. हे त्यांना चिडवतात, पंपाचं इतकं ऐकतोस, बायकोचंही ऐकलं असतंस.

पंपदुरुस्तीचं छोटं दुकान सांभाळून, रात्री जागून त्यांनी मोबाईलसाठी एक प्रोग्राम लिहिला. फोन चालू पंपाजवळ धरायचा, की आत काय बिघडत चाललंय ते फोनच सांगतो. एका मोठ्या कंपनीचे लोक दुकानात चौकशी करून गेले, तेव्हापासून घरात एकच ध्यास, पेटंट. ते मिळालं तर कंपनी विचारायला येईल; नाही मिळालं तर न विचारता घेऊन जाईल.

वकिलांकडे मीही गेले होते. ते म्हणाले, आपल्याकडे नुसत्या प्रोग्रामला पेटंट नाही, यंत्राला जोडून आणा.

"यंत्र लोकांच्या खिशात आहे की. फोन," भाऊजी म्हणाले.

"फोन तुमचा शोध नाही."

वर त्यांनी समजावलंही. श्रीमंत देशांतल्या कंपन्यांनी साध्यासुध्या प्रोग्रामला कुंपण घालून बसू नये, आपल्यासारख्या देशांतल्या लहान माणसाला हात मोकळे राहावेत, म्हणून कायदा असा. मला ते पटलं. पटलं म्हणूनच जास्त राग आला, कारण त्याच कायद्याने अडवलेला समोरचा माणूसही लहानच होता.

मग यंत्र आलं. देवापुढच्या वातींचा माझा पत्र्याचा डबा भाऊजींनी मागितला, त्याला माईक, लाल दिवा आणि बटण बसवलं. डबा गेला, वाती कागदाच्या पुडीत आल्या. तक्रार नव्हती. रोज सकाळी दिवा लावताना मी एकच मागत होते, एवढा कागद भाऊजींच्या हाती पडू दे.

अर्ज गेला, पेटंट कार्यालयाच्या हरकतींवर हरकती आल्या. दर खेपेला वकील अर्जात डब्याबद्दल थोडं वाढवत आणि प्रोग्रामबद्दल थोडं कमी करत. शेवटी कागद आला. मी तो देवापुढे ठेवून डोकं टेकवलं.

थोड्याच दिवसांत त्या कंपनीचा प्रोग्राम बाजारात आला. फोन पंपाजवळ धरायचा, झालं. भाऊजी तसेच उठून वकिलांकडे गेले, मागोमाग मी. वकिलांनी शांतपणे सांगितलं की अर्जात सगळी रीत लिहून द्यावी लागते, ती छापून जगाला वाचायला ठेवतात, कंपनीनेही वाचली असेल.

"पण त्यांच्याकडे डबा नाही. तुमचं पेटंट डब्यासकट आहे."

भाऊजी म्हणाले, "डबा तर वहिनींचा होता."

देवाशी भांडू तरी काय? मागितला तो कागद त्याने अगदी तसाच दिला. तरी भांडते. दिवा लावते आणि भांडते.

आता आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याकडेही कंपनीचा प्रोग्राम आहे. परवा जेवताना भाऊजींचा घास पुन्हा थांबला. मी विचारलं, कोणाचा पंप?

"फोन सांगेल की," ते म्हणाले आणि खाली मान घालून जेवत राहिले.