यमुनाबाईंचं काळंपांढरं चित्र

शाळेतून निवृत्त झाल्यावर आत्माराम मास्तर मांडवीच्या घरी कोळशाच्या कांडीने माणसांची चित्रं काढायचे. बहुतेक गेलेल्या माणसांची, जुन्या फोटोंवरून. म्हणून बोटीवर नोकरीला असलेला नितेश येऊन म्हणाला, "आईचं काढायचंय, समोर बसवून," तेव्हा त्यांना बरं वाटलं.

"तिचं हृदय अशक्त झालंय, मास्तर. मी तिकडे असताना काही झालं, तर घरात लावायला धड फोटो नाही. पण तिला हे कळता नये."

मास्तरांनी मान डोलावली.

आरे-वारेजवळच्या घरी यमुनाबाई हिरवं लुगडं नेसून, अबोलीची वेणी माळून तयारच होत्या. "नितेश बोटीवरच्या खोलीत लावणार म्हणतो. अबोलीचा रंग येईल ना ओ?"

"येईल की. रंग मागाहून घरी भरतो," मास्तर म्हणाले. इतक्या हौसेने बसलेल्या बाईला दुसरं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं.

नितेश बोटीवर गेला, चित्र मास्तरांकडेच राहिलं. एके सकाळी यमुनाबाई एसटीने मांडवीला आल्या. "रंग भरून झाले असतील, म्हटलं बघून यावं."

चित्र भिंतीला टेकवलेलं होतं. त्या जवळ जाऊन बघू लागल्या.

"आमच्या ह्यांचं पण तुम्हीच काढलंत. ते गेल्यावर. असंच काळंपांढरं."

"मी खोटं बोललो, वहिनी," मास्तर कसंबसं म्हणाले. "नवीन काढतो. रंगात."

"नको. परत काय मी बसायची नाय." त्यांनी पदर सारखा केला. "नितेशला मात्र सांगू नका मी बघितलं ते. तिकडे एकटा झुरत बसेल."

आठवड्याने नितेशचा फोन आला. "आईने विचारलं का काही?"

"नाही रे."

"चित्र कसं झालंय?"

"चांगलं झालंय."

झालंही होतं. यमुनाबाईंच्या चेहऱ्यावरची हौस मास्तरांनी हुबेहूब उतरवली होती. ती आपल्याच थापेने फुलली होती, हे आठवून त्यांना चित्राकडे बघवेना. त्यांनी ते चादरीत गुंडाळून कपाटामागे ठेवलं.

पुढे ते एकदोनदा आरे-वारेला जाऊन आले. यमुनाबाईंनी चहा दिला, काजूच्या मोहराचं बोलल्या. चित्राचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मास्तरांना काढवला नाही.