तुळशानं लावलेला टेकू

दुपारी जेवून मी पलंगावर उताणा पडतो. कुशीवर मला कधीच झोप लागत नाही. छातीवर जाडजूड शब्दकोश. पलीकडच्या खोलीत माझा मुलगा शिरीष. व्यसनमुक्ती केंद्रातून परवाच घरी आलाय. त्यानं पुन्हा गर्द टोचून घेतलं, श्वास थांबला, तर माझ्यासारख्याला काय जमणार? हा घोर घेऊनच डोळे मिटतात.

मी वाचनालयात पुस्तक शोधतोय. दोन कपाटांमधून बाहेर येतो तर समोर उड्डाणपुलाखालची अंधारी जागा. पोत्यावर तुळशा बसलाय, शिरीषबरोबर नशा करणारा. मागच्या वर्षी शिरीष निळा पडला, तेव्हा बाकीचे त्याला शुद्धीवर आणायला म्हणून त्याच्या शिरेत मिठाचं पाणी टोचायला निघाले होते. तुळशानं सुई हिसकावली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तोंडाला तोंड लावून त्याला श्वास दिला. मी भेटायच्या आत तुळशाच गर्दपायी गेला.

"तुळशा, तुझे आभार कसे—"

"ते राहू द्या काका. आधी हे बघा."

पोत्यावर आता शिरीष आहे. ओठ निळे. मी त्याची मान मागे करतो, नाक दाबतो, फुंकतो.

"चहावर फुंकर घालताय का? छाती वर आली पाहिजे!"

"मला नाही जमायचं रे."

"मला तरी कुठं येत होतं? मिठाच्या पाण्याच्या भरवशावर माझा भाऊ गेला, मग शिकलो."

मी पुन्हा फुंकतो. छाती वर येते.

"हां! त्याचा श्वास सुरू झाला की कुशीवर वळवायचं, पाठीला टेकू द्यायचा. उताणा ठेवलात तर उलटीनं गुदमरेल."

"आणि तुझ्या वेळी?"

"शेजारी कोणच नव्हतं. एकट्यानं घेऊ नको म्हणावं त्याला."

मी हात जोडतो. तुळशा हसतो. "पोचलं, काका. पडा आता."

"बाबा, चहा टाकू?"

शिरीषचा आवाज. मी डाव्या कुशीवर आहे; वरचा गुडघा दुमडलेला, तळहात गालाखाली. पाठीला काहीतरी रुततंय. हात मागे नेऊन चाचपतो. शब्दकोश, घट्ट खोचून ठेवलेला.

"टाक," मी म्हणतो. "आणि मग जरा इथं येऊन पड. तुला कुशीवर वळवून बघायचंय मला."