मनीप्लांटवर तीन फवारण्या

मंडळी, आज सकाळी आमच्या घरातल्या तज्ज्ञाची विद्वत्ता उघडी पडली. सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

हे तज्ज्ञ म्हणजे माझे यजमान. वाशीमला त्यांचं कृषी केंद्र आहे. शेतकरी नुसतं एक पान घेऊन येतो, हे चष्माही न लावता रोग सांगतात आणि तीन बाटल्या हातात ठेवतात.

आमच्या हॉलमधल्या मनीप्लांटची पानं आठ दिवसांपासून वळून लोंबत होती. साहेबांनी सोफ्यावरूनच निदान केलं, "व्हायरस आहे." मग तीन फवारण्या झाल्या. आम्ही खोकून बेजार, पानं तशीच.

आज रिठदच्या सुमनमावशी मेथी द्यायला आल्या. त्यांनी मातीत बोट खुपसलं आणि आतली प्लास्टिकची कुंडी बाहेरच्या शोभेच्या कुंडीतून उचलली. खाली चार बोटं घाण पाणी! रोज पाणी घालणारी मीच, कबूल.

"काहून वं पोरी, झाडाले बुडवून राह्यली? याले दवा नाही, कोरडी माती पाह्यजे."

साहेब हसले. "मावशीले काय समजते त्यातलं?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अनसिंगच्या एका शेतकऱ्याच्या मिरचीची पानं वळली होती. "फोटो टाक, तीन औषधं काढून ठेवतो," म्हणाले. वावरात पाणी साचलंय का, एवढंही विचारलं नाही.

मिरचीवाले दादा, हे वाचत असाल तर आधी मातीत बोट घालून पाहा. आणि त्यानंतरही औषध लागलंच, तर दुसऱ्या दुकानातून न्या.